डेनॉन १०३ टेक्निक्सच्या आर्मवर चालेल का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला काही चुकीचं समजलं असेल तर लगेच सांगता येईल. काकांनी कुवेतहून आणलेला टेक्निक्स एसएल-१२०० एमके२ हा रेकॉर्ड प्लेअर घरात आहे. त्यावर आजवर ऑर्टोफॉनचं टूएम रेड हे कार्ट्रिज, म्हणजे सुई धरून तिच्या थरथरीची वीज करणारा भाग, वाजत होतं. सगळीकडे तारीफ ऐकून तुम्ही डेनॉनचं डीएल-१०३ घेतलंत. आता आवाज पातळ येतो, गाण्यातला ‘स’ कानाला टोचतो आणि डग्गा पोकळ वाटतो. फोनो स्टेज (कार्ट्रिजचा क्षीण सिग्नल मोठा करणारा भाग) एमसीवर, म्हणजे १०३ सारख्या हलत्या कॉइलच्या कार्ट्रिजसाठी लावलेला आहे. सुईचा भार २ ग्रॅम ठेवलाय, कारण ‘रेकॉर्डी झिजतील अशी भीती वाटते’. दुकानदाराचं म्हणणं, हे कार्ट्रिज लहरी आहे, विकून टाका.

विकू नका. १०३ हट्टी आहे हे खरं, पण लहरी नाही. लहरी माणसाला काय हवंय ते त्यालाच माहीत नसतं. १०३ ला काय हवंय ते साठ वर्षांपासून ठरलेलं आहे, आणि त्यातलं निम्मं तरी तुम्ही अजून त्याला दिलेलं नाही.

हे कार्ट्रिज मुळात घरासाठी केलेलंच नव्हतं. साठच्या दशकाच्या सुरुवातीला डेनॉनने ते जपानच्या एनएचके या प्रसारण संस्थेबरोबर, रेडिओ केंद्रावर वापरायला घडवलं. दिवसभर रेकॉर्डी लागणार, ड्यूटीवरचा माणूस घाईघाईत सुई टेकवणार, म्हणून सुईचा टेकू, म्हणजे तिच्या दांडीला झुलतं धरणारं रबर, टणक. टोक साधं गोल, १६.५ मायक्रॉन त्रिज्येचं. भार २.५ ग्रॅम. आणि केंद्रावरचे आर्म, म्हणजे कार्ट्रिज टोकाला धरून रेकॉर्डवर फिरणारे हात, जाडजूड धातूच्या नळ्यांचे. हलक्या आर्मची हवा नंतर आली. शुअरच्या व्ही१५ सारखी मऊ टेकूची कार्ट्रिज गाजली, तसे आर्मवाले एकेक ग्रॅम उतरवायला लागले. एसएमई ३००९ चा न सुटणाऱ्या हेडशेलचा (हेडशेल म्हणजे आर्मच्या टोकाचा, कार्ट्रिज बसतो तो भाग) ‘इम्प्रूव्हड’ आर्म तर ६.५ ग्रॅमवर आला. त्या आर्मवर १०३ लावून ‘डेनॉनमध्ये दम नाही’ म्हणणारे मला दर दोन-चार महिन्यांनी भेटतात.

तुमचा टेक्निक्स या दोन टोकांच्या मधे आहे. त्याच्या आर्मचा इफेक्टिव्ह मास मूळ ७.५ ग्रॅमच्या हेडशेलसकट १२ ग्रॅम. हा आकडा म्हणजे आर्म काट्यावर ठेवून केलेलं वजन नव्हे. सुईच्या टोकाला आर्म हलवताना जो जडपणा जाणवतो तो हा. लांब दांड्याच्या झाऱ्याच्या टोकाला एक भजं असलं तरी मनगटाला कळतं, तेच भजं मुठीजवळ दांड्यावर ठेवलं तर पत्ताही लागत नाही. आर्मचं तसंच. हेडशेलवर ठेवलेला १ ग्रॅम पुरता १ ग्रॅम मोजला जातो, नळीच्या मध्यावर ठेवलेला जेमतेम पाव ग्रॅम, कारण इथे अंतराचा वर्ग लागतो. म्हणून आर्म जड करायचा तर वजन पुढे घालायचं, हेडशेलपाशी.

आता हिशेब. टणक किंवा मऊ टेकू म्हणजे एक स्प्रिंग, आणि आर्म अधिक कार्ट्रिज म्हणजे त्या स्प्रिंगवरचं ओझं. या जोडीची स्वतःची एक डुलण्याची गती असते, तिला आपण रेझोनन्स म्हणतो. काढायची रीत सोपी आहे: एकूण ओझं ग्रॅममध्ये घ्या, त्याला कंप्लायन्सच्या, म्हणजे टेकूच्या मऊपणाच्या, आकड्याने गुणा, वर्गमूळ काढा आणि १५९ ला त्याने भागा. उत्तर हर्ट्झमध्ये येतं. ते ८ ते १२ च्या दरम्यान असावं. त्याच्या खाली वाकड्या रेकॉर्डीची डोलणी असतात. ३३⅓ च्या वेगाला तबकडीचा एक फेरा सेकंदाला ०.५६ वेळा होतो, आणि तिच्या लाटा त्याच्या काही पटींत येतात. त्याच्या वर संगीत सुरू होतं. दोघांच्या मधली ही बिनवापराची पट्टी आहे, रेझोनन्सला तिथेच बसवायचं.

इथे एक खड्डा आहे आणि त्यात जवळजवळ सगळे पडतात. १०३ च्या कागदावर कंप्लायन्स ५ लिहिलेला असतो. हा आकडा १०० हर्ट्झला मोजलेला आहे, ही जपानी रीत. आपल्याला हवा तो १० हर्ट्झच्या आसपासचा, आणि तिथे तोच टेकू साधारण दीड ते दोन पट मऊ वागतो. मी १०३ साठी ९ धरतो. कार्ट्रिज ८.५ ग्रॅम, स्क्रू-नट मिळून १ ग्रॅम, आर्म १२, एकूण २१.५. कागदावरचा ५ घातलात तर उत्तर १५ हर्ट्झच्या वर जातं आणि माणूस घाबरतो. ९ घातलात तर ११.४ येतं. म्हणजे गणिताने तुमची जोडी आत्ताच पट्टीत आहे!

मग आवाज का बिघडलाय? रेझोनन्सचा आकडा हा फक्त दारावरचा पहारेकरी आहे, आतल्या घराचं तो काही सांगत नाही. १०३ सारख्या कार्ट्रिजमधे वीज तयार होते ती सुईबरोबर हलणारी कॉइल आणि न हलणारं लोहचुंबक यांच्यातल्या फरकाने. कार्ट्रिजचं अंग स्थिर राहील हे त्यात गृहीत आहे. टेकू मऊ असेल तर सुईची धडपड टेकूतच जिरते. टेकू टणक असेल तर ती धडपड अंगात शिरते, तिथून हेडशेलमधे, नळीत, आर्म ज्यावर फिरतो त्या बेअरिंगपर्यंत जाते. नळी थरथरली की सुई आणि अंग थोडे एकत्रच हलतात, आणि तेवढा भाग विजेत उतरतच नाही. खात्री करायची तर जोरकस रेकॉर्ड वाजत असताना नखाचं टोक नळीवर अगदी हलकेच टेकवा. टूएम रेड लावलेलं असेल तर नखाला काहीच कळणार नाही. १०३ ला नखात मुंगी चावल्यासारखी बारीक गुणगुण येते. ती गुणगुण म्हणजे तुमच्या डग्ग्यातून गेलेला ऐवज.

उलट बाजूही सांगतो. फिडेलिटी रिसर्चचा एफआर-६४एस हा पोलादी आर्म साधारण ३५ ग्रॅमचा. त्यावर १०३ चा हिशेब मांडला तर ८ हर्ट्झच्या जरा खालीच उत्तर येतं, म्हणजे पट्टीच्या काठावर. तरीही ही जोडी जाणत्या लोकांच्या घरी वर्षानुवर्षं सुखाने वाजते आहे. जडपणा आणि घट्ट बेअरिंग या दोन गोष्टी १०३ ला आकड्यापेक्षा जास्त मानवतात.

आता कामाला लागू. पैसे खर्च करण्याआधी फुकटातल्या तीन दुरुस्त्या.

पहिली, भार. डेनॉन २.५ ग्रॅम सांगतं, ०.३ इकडेतिकडे. म्हणजे २.२ च्या खाली जायचंच नाही, आणि तुम्ही २ वर आहात. कमी भाराने रेकॉर्ड वाचते हा समज पक्का बसलाय, पण होतं उलटंच. भार कमी पडला की सुई जोरकस जागी खाचेच्या भिंतीवरून उडते आणि परत आदळते, ते आदळणं रेकॉर्डीला खरं खातं. टोचणारा ‘स’ निम्मा इथून येत असणार. २.५ ठेवा. पुण्यात डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी मी २.६ ठेवतो, कारण थंडीत टेकूचं रबर आखडतं. आणि तेव्हा पहिली बाजू मन लावून ऐकायची नाही, ती रबराला ऊब यायला.

भार मोजताना एक गंमत होते, तिच्यापायी मी एकदा अख्खी दुपार घालवली आहे. १०३ मधलं चुंबक चांगलंच जोरदार आहे. सोनाराकडे असतो तसल्या छोट्या डिजिटल काट्याचं ताट लोखंडी जातीचं असेल तर चुंबक ते खेचतं आणि आकडा खोटा येतो. तपासायला सोपं आहे: सुईचं संरक्षक टोपण चढवा, कार्ट्रिज ताटाच्या वर अर्धा सेंटिमीटर अधांतरी धरा आणि आकडा हलतो का पाहा. हलला तर तो काटा लाडवाच्या बेदाण्यांना ठेवा, कार्ट्रिजला दुसरा आणा. याच कारणाने स्क्रू पितळी किंवा ॲल्युमिनियमचे वापरा. लोखंडी स्क्रूड्रायव्हर हातातून सुटून सुईकडे झेपावतो, हे ऐकीव नाही, माझ्या हातून झालेलं आहे आणि ते कार्ट्रिज माझं नव्हतं.

दुसरी, उंची. टूएम रेड उंचीला साधारण १८ मिलिमीटर, १०३ पंधरा. तुम्ही आर्मच्या बुडाची कडी फिरवून तो खाली घेतल्याचं लिहिलेलं नाही, म्हणजे बहुधा राहून गेलंय. आर्मची शेपटी वर राहिली की सुई पुढे झुकून उभी बसते आणि आवाज कोरडा, टोकदार होतो. तीन मिलिमीटरचा फरक आर्मच्या लांबीवर पाऊण अंशाचा पडतो. एवढ्याने सगळं बिघडत नाही, पण तुम्ही सांगताय त्या दिशेनेच बिघडतं. रेकॉर्डवर सुई टेकवून नळी तबकडीला समांतर दिसेपर्यंत बूड खाली आणा. आधी लॉक सोडायला विसरू नका.

तिसरी, सुईची जागा. हेडशेलच्या मागच्या रबरी वॉशरपासून सुईच्या टोकापर्यंत ५२ मिलिमीटर, ही टेक्निक्सची ठरलेली खूण आहे. गोल टोकाची सुई यात बरीच सोशिक असते, म्हणून केसाएवढ्या फरकासाठी रात्र जागू नका. १०३ च्या अंगाला आटे नसतात, स्क्रू आरपार जातो आणि दुसऱ्या बाजूला नट लागतो. नट बसेपर्यंत टोपण चढवलेलंच ठेवा. वायरींचे रंग पांढरा-निळा डावीकडचे, लाल-हिरवा उजवीकडचे. पिनांवर सोल्डरिंग कधीही करायचं नाही.

हे तिन्ही करून दोन दिवस ऐका. पुढचा प्रयोग मला सगळ्यात आवडतो, कारण त्याला खर्च नाही.

घरात कुठल्यातरी डब्यात जुनी पाच पैशांची चौकोनी नाणी असतील, ॲल्युमिनियमची. एक नाणं साधारण दीड ग्रॅमचं, आणि ॲल्युमिनियम असल्यामुळे चुंबकाला त्याचं सोयरसुतक नाही. नंतरची स्टीलची नाणी घेऊ नका, ती चिकटतात. दोन नाणी एकावर एक ठेवून हेडशेलच्या पाठीवर, कार्ट्रिजच्या बरोबर वर, ब्लू-टॅकच्या वाटाण्याएवढ्या गोळीने दाबून बसवा. हलता कामा नये. आता पुढचं सगळं ओझं, म्हणजे हेडशेल ७.५, कार्ट्रिज ८.५, स्क्रू १ आणि नाणी ३, मिळून २० ग्रॅम झालं. टेक्निक्सचं नेहमीचं मागचं वजन एकटं इतकं पेलत नाही. मशीनबरोबर मागच्या टोकाला बसणारं एक छोटं जादा वजन यायचं, ते काकांच्या खोक्यात शोधा. ते लावल्यावर हा आर्म पुढे साधारण २० ग्रॅमपर्यंत तोलतो, म्हणजे आपण अगदी हद्दीवर आहोत. भार पुन्हा २.५ वर आणा.

मग तुमच्या ओळखीची एक रेकॉर्ड लावा, ज्यात डग्गा मोकळा वाजलाय. आधी नाण्यांसकट ऐका, मग नाणी काढून, भार पुन्हा लावून ऐका. गणिताने फरक एवढाच पडलाय की ११.४ चे १०.७ हर्ट्झ झाले. कानाला त्यापेक्षा जास्त कळेल. डग्ग्यावर मनगट घासून मींड काढतात ना, ती नाण्यांशिवाय नुसती ‘भुम्’ अशी येते, नाण्यांसकट तिला सुरुवात, चढ आणि शेवट मिळतो. ऐकून काहीच फरक वाटला नाही तर तसं प्रामाणिकपणे मानून तिथेच थांबा. फरक वाटला तर १० ते ११ ग्रॅमचं घट्ट ॲल्युमिनियमचं हेडशेल घ्या आणि नाणी परत डब्यात टाका.

पंधरा-अठरा ग्रॅमची भारी हेडशेलं १०३ साठी म्हणून विकतात, ती जड आर्मवाल्यांना ठीक आहेत. त्यांच्यासकट तुमच्या आर्मचा तोल साधणार नाही, आणि मागे शिशाचे तुकडे चिकटवून जुगाड केलात तर बेअरिंगवर नाहक ओझं. लाकडी हेडशेलबद्दल मतं पुष्कळ आहेत. माझं मत असं की चांगलं वाळलेलं, घट्ट बसणारं असेल तर छान, पण कोकणातल्या पावसाळ्यात मी देणार नाही. आणि कार्ट्रिजचं प्लास्टिकचं अंग सोलून ते उघडं वाजवणं वगैरे प्रकार नवीन कार्ट्रिजवर अजिबात करू नका, आतली तार केसाहून बारीक असते.

आता बेअरिंग. हे शेवटी सांगतोय, पण तुमच्या बाबतीत हाच खरा चोर निघू शकतो. काही वर्षांपूर्वी दादरहून एक गृहस्थ असाच १२०० घेऊन आले, पूर्वी कुठल्यातरी डिस्कोत वाजलेला. त्यावर १०३. हार्मोनियम भरून वाजली की उजव्या बाजूने चरचर. मी कार्ट्रिज बदललं, हेडशेल बदललं, वायरी बदलल्या, फोनो स्टेज बदलला. मऊ टेकूचं कार्ट्रिज लावलं की गुपचूप छान वाजे, १०३ लावलं की चरचर परत. ते कार्ट्रिजच सदोष आहे असं मी त्यांना सांगूनही मोकळा झालो होतो. मग एका संध्याकाळी मशीन बंद असताना सहज हेडशेल दोन बोटांत धरून पुढे-मागे लोटलं आणि बोटाला बारीकसं ‘टिक्’ लागलं. आडवं बेअरिंग केसभर सैल होतं. मऊ कार्ट्रिज तिथपर्यंत धक्का पोचवतच नव्हतं, म्हणून ते निर्दोष दिसत होतं. १०३ बिचारं इमानाने चाडी करत होतं आणि मी चाडीखोरालाच चोर ठरवलं. स्क्रू किंचित आवळला, चरचर गेली.

तुमच्या आर्मची ही परीक्षा घ्या. आर्म अडकवणीतून सोडवा, तोल शून्यावर आणा, हेडशेल हलकेच धरून पुढे-मागे आणि वर-खाली लोटा. टिक् लागलं तर स्वतः आवळू नका, तो स्क्रू जरा जास्त फिरला तर बेअरिंगच्या टोकाला खड्डा पडतो आणि आर्म कायमचा जातो. जाणत्याकडे न्या. टिक् लागलं नाही तर हेडशेलची मागची कडी घट्ट आहे का पाहा आणि चारही टाचण्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. आपल्या हवेत त्यांच्यावर थर चढतोच, आणि १०३ सारख्या ०.३ मिलिव्होल्टच्या नाजूक सिग्नलला तो थर टूएम रेडच्या ५.५ पेक्षा कितीतरी जास्त जाचतो. फोनो स्टेजवर लोड १०० ओहमच्या आसपास ठेवा, एवढं पुरे. पुढेमागे स्टेपअप ट्रान्सफॉर्मर (फोनो स्टेजच्या आधी सिग्नल वाढवणारा) घ्यावासा वाटला तर एकास दहाचा घ्या.

‘स’बद्दल एक खरं सांगून ठेवतो, नाहीतर नंतर मला शिव्या द्याल. वरचं सगळं झाल्यावर रेकॉर्डीच्या सुरुवातीचा ‘स’ सुधारेल. बाजूच्या शेवटच्या गाण्यातला पूर्ण सुधारणार नाही. बाहेरच्या कडेला खाच सुईखालून सेकंदाला अर्धा मीटर वेगाने जाते, आतल्या कडेला जेमतेम २१ सेंटिमीटर. तेवढ्याच लांबीत दाटीवाटीने कोरलेले बारीक वळसे गोल टोकाला पुरते वाचता येत नाहीत. हा सुईच्या आकाराचा दोष आहे, आर्म कितीही बदलला तरी जाणार नाही. तुमच्या रेकॉर्डी मुख्यतः जुनं नाट्यसंगीत आणि मैफली असतील तर १०३ त्यांना धरून आहे. बाजूच्या शेवटापर्यंत दाबून भरलेली ऐंशीच्या दशकातली सिनेसंगीताची रेकॉर्ड हा तुमचा रोजचा आहार असेल, तर बारीक टोकाची सुई घ्या. १०३ चंच भावंड असलेलं १०३ आर घेऊन हे सुटणार नाही, त्याचंही टोक गोलच.

आणि लहरी कार्ट्रिज खरंच पाहायचं असेल तर कधी डेक्का लंडन हाती लागतंय का पाहा. त्यात नेहमीसारखी सुईची दांडीच नाही, टोक जवळपास थेट कॉइलखाली, मागून दोऱ्याने बांधलेलं. जमलं तर गाणारा समोर बसलाय असं वाटतं, नाही जमलं तर रेकॉर्डीतून पत्र्याच्या डब्याचा आवाज. सिलिकॉन तेलाने थरथर शमवणारा आर्म मिळाल्याशिवाय ते नांदत नाही. त्याच्यापुढे तुमचं १०३ म्हणजे सरळमार्गी गृहस्थ.

टूएम रेड मात्र काढून टाकू नका, पाहुण्यांसाठी आणि वाकड्या-तिकड्या रेकॉर्डींसाठी ते ठेवा, पण त्याच्या मूळच्या हलक्या हेडशेलवरच. त्याचा कंप्लायन्स २०. मूळ हेडशेलवर त्याचा रेझोनन्स ८ च्या जरासा खाली, कसाबसा काठावर आहे. तेच नव्या ११ ग्रॅमच्या हेडशेलवर चढवलंत तर ७.३ वर घसरेल, आणि वाकडी रेकॉर्ड लागली की वूफरचा पडदा पोहायला लागेल. दोन्ही हेडशेलांच्या पाठीवर कागदाची चिठ्ठी चिकटवा. एकीवर ‘१.८ ग्रॅम, बूड वर, जादा वजन काढणे’, दुसरीवर ‘२.५ ग्रॅम, बूड ३ मिमी खाली, जादा वजन लावणे’. पाच पैशांचा प्रयोग झाला की काय ऐकू आलं ते कळवा, आणि बेअरिंगला टिक् लागलं का तेही.